पत्नीचा आवाज मिळणेबाबत

छबुबाईंना जाऊन वर्ष होत आलं आणि एका दुपारी चहा गाळता गाळता राधाकिशनरावांच्या लक्षात आलं, की आपल्याला तिचा आवाज आठवत नाही.

चेहऱ्याची अडचण नव्हती. चेहरा भिंतीवर होता. आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला फोटो तो. त्यामुळं 'बोटं नीट टेकवा' म्हणून कुणी खेकसल्यावर माणूस जसं बघतो, तशा छबुबाई वर्षभर घराकडं बघत होत्या. त्या काय काय बोलायच्या तेही आठवत होतं. शब्द सगळे जागेवर होते, पण ते राधाकिशनरावांना स्वतःच्याच आवाजात ऐकू यायला लागले होते. आणि तो आवाज म्हणजे साधासुधा नव्हे. वडवणीच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी सबंध नोकरी भोंग्यावर गाड्या पुकारण्यात घालवलेली. त्यामुळं छबुबाईंचं 'दूध उतू चाललंय' हे वाक्यसुद्धा त्यांना 'फलाट क्रमांक दोनवर लागत आहे' या चालीवर ऐकू येई. असं व्हायला लागलं, की ते चहाचं गाळणं खाली ठेवून नुसते उभे राहत.

त्यांनी पुण्याला मुलीला, प्रियदर्शनीला फोन लावला. आईचा आवाज तुझ्या मोबाइलमध्ये कुठं आहे का बघ म्हणाले. तिनं शोधलं. छबुबाईंनी आयुष्यात एकच आवाजी निरोप पाठवला होता, तोही बटन नीट न दाबता. त्यात कुकरच्या दोन शिट्ट्या होत्या आणि मग काहीच नव्हतं. प्रियदर्शनी म्हणाली, "अण्णा, पाठवू का?" राधाकिशनराव म्हणाले, "पाठव." आणि त्या शिट्ट्या त्यांनी बऱ्याच वेळा ऐकल्या.

अशा वेळी धावून येतो तो मेहुणा. तानाजीचं नांदूरघाटला कापडाचं दुकान. माणूस मनानं सोन्यासारखा, पण त्याच्या डोक्यात कल्पना आली की आजूबाजूच्यांनी जपून राहावं. दाजींची अडचण ऐकली आणि त्यानं मांडीवर थाप मारली.

"दाजी, येड्यागत काहून बसलाव? आक्काचा आवाज पिच्चरात हाय की!"

हे खरं होतं. छबुबाईंचं लग्न व्हायच्या आधी नांदूरघाटला एका पिक्चरचं शूटिंग झालं होतं. पिक्चरचं नाव 'सात कोसांवरचं सासर'. त्यात तहानलेला हिरो एका दारात थांबतो आणि घरातली पोरगी त्याला तांब्याभर पाणी देऊन एक वाक्य बोलते. ती पोरगी म्हणजे छबु. ही हकीकत त्यांनी प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर एका दहाव्यालाही सांगितली होती. पिक्चर जत्रेतल्या तंबूत, शिट्ट्या-आरोळ्यांच्या गलक्यात, दोन-चार दिवस चालला आणि गेला. राधाकिशनरावांनी तो कधीच पाहिला नव्हता.

तेव्हा आता पिक्चर शोधायचा. राधाकिशनरावांच्या टीव्हीला सगळी अ‍ॅपं एकत्र असलेला रीतसर डबा होता. त्यात त्यांनी नाव घातलं. डब्यानं त्यांना कोरियातल्या एका सासूची मालिका दाखवली, वांग्याच्या भाजीचे सतरा प्रकार दाखवले आणि शेवटी 'आपल्याला हे आवडू शकेल' म्हणून भुताचा सिनेमा पुढं केला. 'सात कोसांवरचं सासर' कुठल्याच अ‍ॅपवर नव्हतं.

"ह्या सरकारी डब्यात काय सापडंना," तानाजी म्हणाला. डबा सरकारी नव्हता, पण ज्याला पावती मिळते ते सगळं तानाजीच्या लेखी सरकारी. त्यानं स्वतःच्या मोबाइलवरून दाजींच्या मोबाइलमध्ये आणि टीव्हीत 'सर्वरस' नावाचं अ‍ॅप घातलं. त्यात सगळ्या अ‍ॅपांतलं सगळं एकाच ठिकाणी होतं, शिवाय फुकट. अधूनमधून रमीची आणि केसांच्या तेलाची जाहिरात बघितली की झालं.

"याचं तिकीट कुठं काढायचं?" राधाकिशनरावांनी विचारलं. पास असतानाही ज्यांनी कंडक्टरला कधी चुकवलं नाही, त्यांना हा प्रश्न पडणारच.

"तिकीट न्हाई. म्हणून तर लोकं घेतेत."

राधाकिशनरावांनी चष्मा लावून अ‍ॅपच्या अटी वाचायला घेतल्या. जगात अटी वाचणारी जी मूठभर माणसं असतील, त्यांत ते होते. तिथं लिहिलं होतं, की आम्ही कुठलाही चित्रपट आमच्याकडं ठेवत नाही, दुसरीकडं असलेल्या चित्रपटाकडं फक्त बोट दाखवतो. ते वाचून त्यांना सटवा आठवला. सटवा बसस्थानकाच्या तोंडाशी काळी-पिवळी जीप लावून एसटीचे प्रवासी उचलायचा आणि पकडला की म्हणायचा, "मी पॅसेंजर न्हेत न्हाई साहेब, पाव्हणे हायत, आपले बसले गाडीत." या सटवाशी राधाकिशनरावांनी सबंध नोकरीभर युद्ध केलं होतं. आता त्याच जीपमध्ये बसायची पाळी आली. पण जीपमध्ये छबु बसलेली होती. ते बसले.

पिक्चर निघाला. पडद्यावर नावं यायला लागली, तसा तानाजीनं रिमोट उचलला. "थांबा, पुढं ढकलतो. आक्काचा शीन मधात हाय."

"ठेव तो," राधाकिशनराव म्हणाले. "वर्षश्राद्धाला लावू. सगळ्यांदेखत."

वेळेआधी गाडी सोडायची नाही असा त्यांचा बाणा, असं तानाजीला वाटलं. खरं कारण वेगळं होतं. छबुबाईंच्या बाबतीत जे जे व्हायचं ते सगळं होऊन गेलं होतं. दवाखाना, राख, दहावा, तेरावा. एवढी एकच गोष्ट अजून व्हायची राहिली होती. ती झाली की पुढं काही उरणार नाही, याचं त्यांना भय वाटत होतं.

वर्षश्राद्धाला पिक्चर ही बातमी शेजारच्या रुक्मिणीबाईंना भिंतीपलीकडून कळली. रुक्मिणीबाई छबुबाईंच्या जिवाभावाच्या मैत्रीण, त्यामुळं सल्ला हा त्यांचा हक्कच. "अवो भाऊ, लोकं कीर्तन ठिवतेत. पिच्चर ठिवल्यावर लोकं काय म्हणतील? अन् ठिवलाच तर आदी हरिपाठ घ्या, मंजी देवाचंबी मन राहतं. अन् जेवायला वांगं नगं, छबुला वांगं कवाच चाललं न्हाई." राधाकिशनरावांनी हरिपाठ मान्य केला आणि वांगं रद्द केलं.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. घोळ केला तो फ्लेक्सनं.

आपल्याकडं फ्लेक्सशिवाय माणूस जन्मतही नाही आणि मरतही नाही. वाढदिवसाला फ्लेक्स, निवडीला फ्लेक्स, प्रथम पुण्यस्मरणाला तर हमखास. तानाजीनं दाजींना न विचारता तो छापून आणला आणि बसस्थानकाच्या चौकात भल्या पहाटे लावला. वर छबुबाईंचा तोच आधारचा फोटो. खाली ठळक अक्षरांत 'प्रथम पुण्यस्मरणानिमित्त भव्य चित्रपट दर्शन व महाप्रसाद'. बाजूला गोल गोल चौकटींत गावातली मोठी माणसं, 'प्रमुख उपस्थिती' म्हणून पोलीस ठाण्याचे साहेब, टोपीसकट. आणि सगळ्यात खाली, कारण उपकार विसरू नयेत अशी त्याची शिकवण, 'सौजन्य : सर्वरस अ‍ॅप. तुम्हीही घ्या.' शेजारी मोबाइल धरला की अ‍ॅप उतरेल असा चौकोनी ठिपक्यांचा ठसा.

दुपारपर्यंत अर्ध्या वडवणीनं तो ठसा वापरला.

याचा पहिला चटका बंकटला बसला. बंकट गावचा केबलवाला. लोक केबल काढून टाका म्हणून फोन करायला लागले, तेव्हा त्याला अचानक कायद्याची आठवण झाली. स्वतः हा माणूस दर रविवारी आपल्या वाहिनीवर नवे पिक्चर कुठून आणून दाखवायचा ते देवाला ठाऊक. पण चोराच्या घरी चोरी झाली की त्याच्याइतका सज्जन कुणी नसतो. त्यानं फ्लेक्सचा फोटो काढला आणि ठाण्यात नेऊन दिला.

साहेबांनी फोटो पाहिला. त्यात त्यांना आधी स्वतःची टोपी दिसली आणि मग टोपीखाली सर्वरस. अशा अ‍ॅपांवर लक्ष ठेवा म्हणून वरून नुकतंच पत्र आलेलं. राधाकिशनरावांना बोलावणं गेलं.

ज्या माणसानं जन्मभर पोलिसांना फक्त जीपवाल्यांची तक्रार द्यायला तोंड दाखवलं, तो आता ठाण्याच्या बाकावर बसला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात मोबाइल पुरावा म्हणून. बाकावर शेजारी आधीच कुणीतरी बसलं होतं. त्यानं वळून बघितलं आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"कंट्रोलर साहेब? तुमी हिकडं?"

सटवाच तो. जीपच्या कागदांसाठी आलेला. राधाकिशनरावांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण धरणीनं त्यांचं पूर्वीही कधी ऐकलं नव्हतं.

"पॅसेंजर का?" सटवानं हळूच विचारलं.

"पिक्चर."

सटवा उठून बाहेर गेला आणि दोन चहा घेऊन आला. एक त्यांच्या हातात दिला. "घ्या साहेब. पैल्यांदा लई वाईट वाटतंय." एवढ्या वर्षांत या माणसानं दिलेला चहा राधाकिशनरावांनी कधी घेतला नव्हता. आज घेतला, आणि त्यांना रडू आलं, ते त्यांनी चहा गरम आहे असं दाखवून निभावलं.

साहेब तसे भले होते. फ्लेक्सवरून चिडलेले, पण भले. "काका, घरात बसून बघितलं असतं तर मला कळलंबी नसतं. तुमी चौकात बोर्ड लावला. वर माझा फोटू. अन् गावाला पिच्चर दाखवायचा म्हंजे ज्याचा पिच्चर हाय त्याची परवानगी लागती. तुमी एवढे कायद्याचे माणूस."

"साहेब, मला पिक्चर नकोय," राधाकिशनराव म्हणाले. "त्यात माझ्या मालकिणीचं एक वाक्य आहे. तेवढं ऐकायचंय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ऐकलं का आदी?"

"नाही. वर्षश्राद्धासाठी ठेवलं होतं."

"अरे देवा," साहेब म्हणाले. पण बाहेर बंकट उभा होता, वरचं पत्र टेबलावर होतं, आणि साहेबांना नोकरी होती. फ्लेक्स उतरवला गेला. शिपायानं राधाकिशनरावांच्या डोळ्यांदेखत मोबाइलमधून अ‍ॅप काढून टाकलं, मग घरी येऊन टीव्हीतूनही काढलं आणि जाताना चप्पल घालता घालता म्हणाला, "माफ करा काका." दोन दिवसांनी ते अ‍ॅप सगळ्यांकडचंच बंद पडलं. वर्षश्राद्धाला हरिपाठ झाला, जेवणं झाली, वांगं नव्हतं. जेवून उठणारा प्रत्येक जण 'पिक्चरचं काय झालं' विचारत होता आणि राधाकिशनराव प्रत्येकाला 'तांत्रिक कारणामुळे रद्द' असं सांगत होते. हे वाक्य त्यांना पाठ होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना कळलं, की ते ऐकून माणूस घरी कसा जात असेल.

मग ते रीतसर मार्गाला लागले. पुण्याहून आलेली प्रियदर्शनी महिनाभर राहिली आणि तिनं पिक्चरचा मालक शोधायला घेतला. निर्माते वारले होते. हक्क एका कंपनीला विकलेले. कंपनी म्हणाली, आम्ही ते पुढं दिले. पुढची कंपनी म्हणाली, आमच्याकडं फक्त गाण्यांचे आहेत. तिसरीनं सांगितलं, की हक्क आमच्याकडं आहेत की नाहीत हे बघायला आमचाच एक खटला चालू आहे. राधाकिशनरावांना हे सगळं ओळखीचं वाटलं. बीडला कुठल्याही कचेरीत गेलं, की हेच उत्तर मिळतं, फक्त खुर्च्या कमी असतात.

या सगळ्यांना त्यांनी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिले, सरकारी पद्धतीनं, समास सोडून. 'प्रति, मा. व्यवस्थापक साहेब. विषय : पत्नीचा आवाज मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराच्या पत्नीचा आवाज आपल्या ताब्यातील चित्रपटात असून तो अर्जदाराकडे शिल्लक नाही.' प्रियदर्शनी ते फोटो काढून पाठवायची. पहिला अर्ज पाठवताना ती बाथरूममध्ये जाऊन आली आणि तिचे डोळे लाल होते. उत्तरं मात्र यंत्राचीच येत. 'आपण संपर्क साधल्याबद्दल आनंद झाला.' राधाकिशनराव म्हणायचे, "बघ, त्यांना आनंद तरी झाला."

एका संध्याकाळी कोल्हापूरहून फोन आला. निर्मात्यांचा मुलगा, तोही आता सत्तरीला टेकलेला. "ते 'आवाज मिळणेबाबत' म्हणून लिहिणारे तुम्हीच काय?" त्यांनी विचारलं. अर्ज फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेला होता. हक्कांचं कुणाचं काय ते कोर्ट बघेल, पण वडिलांनी काढलेली एक प्रत आणि ती चार माणसांत दाखवायचा अधिकार घराण्याकडं राहिलाय, असं त्यांच्या वकिलाचं म्हणणं होतं. त्यांनी प्रत पाठवली. सोबत सहीशिक्क्याची परवानगी. फोन ठेवताना त्यांनी काहीतरी सांगायला सुरुवात केली, "राधाकिशनराव, पण त्या काळी आपल्याकडं आवाज..." आणि मग थांबून "असू दे, बघा तुम्ही" म्हणाले.

राधाकिशनरावांच्या अंगणात पडदा लागला. तो बंकटनं आणून दिला. पडद्याबरोबर त्यानं मान इतकी खाली घालून आणली, की त्याला कुणी काही बोललं नाही. परवानगीचा कागद पडद्याच्या कोपऱ्याला टाचणीनं लावलेला होता, म्हणजे कुणाला शंका नको. साहेब आले, साध्या कपड्यांत. सटवा मागं भिंतीला टेकून उभा. रुक्मिणीबाई सगळ्यात पुढं, आणि तानाजी, त्यानं कुठंही फ्लेक्स लावू नये म्हणून, प्रियदर्शनीच्या शेजारी.

राधाकिशनरावांनी दाढी केली होती.

पिक्चर चालला. हिरो गावोगाव फिरला, एक गाणं झालं, बैल उधळला. मग पडद्यावर नांदूरघाटची गल्ली आली आणि तानाजी ओरडला, "आली, आक्का आली!" दारातून एक पोरगी बाहेर आली. सतरा वर्षांची असेल. दोन वेण्या, हातात तांब्या. राधाकिशनरावांनी ही पोरगी कधी पाहिलीच नव्हती, पण चालण्यात डावा खांदा जरा पुढं टाकायची ती लकब, तीच होती.

पोरीनं तांब्या पुढं केला आणि ओठ हलवले. आवाज आला, "पाणी प्यावं पाहुणे, गाव अजून लांब आहे."

गोड आवाज. स्वच्छ. शहरातल्या कुठल्यातरी खोलीत यंत्रापुढं बसून कुणा नटीनं दिलेला.

"हा तिचा नाही," राधाकिशनराव म्हणाले. ते उभे राहिले होते, हे त्यांनाही कळलं नाही. "हा आवाज तिचा नाही!"

"आँ, ही कोण बोलायली?" रुक्मिणीबाई पुटपुटल्या. तानाजी रडायला लागला. प्रियदर्शनीनं पिक्चर थांबवला आणि वडिलांकडं बघितलं. "अण्णा, तुम्हाला कसं कळलं?"

आणि तेव्हा राधाकिशनरावांना कळलं, की आपण विसरलो नव्हतो. विसरलेल्या माणसाला फरक कळत नाही. त्यांना एका शब्दात कळला होता. पण नाही म्हणून ओळखता येत होता तो आवाज, आहे म्हणून बोलवता येत नव्हता.

"आवाज बंद कर," ते म्हणाले, "आणि परत लाव."

पोरगी पुन्हा दारात आली. पुन्हा तांब्या पुढं केला. मुकी. आता सगळे तिच्या ओठांकडंच बघत होते, आणि मग सगळ्यांनाच दिसलं: नटीचं वाक्य जिथं संपलं असेल, त्याच्या पुढंही तिचे ओठ हलत होते. हिरो घटाघटा पीत होता आणि ती त्याला अजून काहीतरी म्हणत होती. ते पिक्चरवाल्यांनी लिहून दिलेलं नव्हतं. ते तिचं ती बोलली होती, आणि त्याला आवाज द्यावा असं कुणाला वाटलं नव्हतं.

"राम राम म्हणायली," बंकट म्हणाला.

"ह्या! तांब्या परत मागायली," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "लई जपायची ती भांड्याला."

साहेबांचं मत पडलं की ती हसतेय. प्रियदर्शनीनं तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला. अंगणात वाद रंगला. राधाकिशनराव खाली बसले होते. त्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं. ड्युटीवरून उन्हातून आल्यावर ते दारातच तांब्या तोंडाला लावायचे, आणि समोर हेच ओठ, रोज, असेच हलायचे. हळू प्या, ठसका लागंल. हे वाक्य आपलं एकट्याचं आहे, असा त्यांचा सबंध संसारभर समज होता. ते तिनं आधी या मिशीवाल्या हिरोला म्हटलं होतं, याचा क्षणभर त्यांना राग आला. पण ओठांकडं बघता बघता ते ऐकू आलं. जरा घोगरं, शेवटी वर जाणारं, नांदूरघाटचं. एकदाच. मग पुन्हा लावून बघितलं तरी आलं नाही.

"अण्णा, तुम्हाला कळलं का काय म्हणतेय?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"नाही बाई," ते म्हणाले.

पिक्चर पुढं चालू झाला. राधाकिशनराव उठून आत गेले. स्वयंपाकघरात दिवा न लावताच त्यांनी माठातून तांब्या भरला आणि उभ्यानं, घटाघटा, श्वास न घेता प्यायला सुरुवात केली. ठसका लागला. जोरात लागला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर ते खोकत राहिले. खोकता खोकता त्यांनी दाराकडं बघितलं. बाहेर पिक्चरमध्ये गाणं लागलं होतं, त्यामुळं कुणाला ऐकू गेलं नाही.